घागरीचा खळगा

जैनब : थांब इंदू, आधी बघू दे मला. बांगड्या काय पळून चालल्यात व्हय? अगं, ही भिंत न्हाई, डोंगरच हाय की!

इंदिरा : डोंगरच आहे, जैनबमावशी. मागची भिंत बांधलीच नाही आम्ही. कडा होता तसा ठेवला आणि पुढं घर केलं.

जैनब : आन् ही जांभूळ? छपरातनं वर गेलीय!

इंदिरा : तोडू दिली नाही मी. तिच्यासाठी छपराला तेवढी जागा मोकळी सोडली.

जैनब : लय देखणं झालंय गं. आमच्या कुरवंड्यात असलं घर कुणी सपनात बी बघितलं नसंल. तुझ्या लग्नाचा चुडा मीच भरलेला, तवा तळेगावला दोन खोल्यांत ऱ्हायचीस. माझं तर डोळं भरून आलं बघ. आन् पाणी कुटं वाजतंय?

इंदिरा : ते... पलीकडे. तुम्ही इथं बसा ना, उजेड चांगला आहे. उद्या वास्तुशांत, आधी हिरव्या बांगड्या दाखवा.

जैनब : घरात पाणी? बघू तरी.

इंदिरा : मावशी, पाय घसरेल तिकडे!

जैनब : इंदू... हा घागरीचा खळगा हाय. आमच्या झऱ्याचा. माझ्या सासूनं हितंच घागर टेकली, मी टेकली. घागरी टेकून टेकून झिजलाय हा कातळ. ह्यात फुलं कुणी घातली?

इंदिरा : शोभेला. खळग्याला हात लावू दिला नाही मी.

जैनब : म्हंजी गावचा झरा घरात घेतला? आन् मी येडी समजले, उन्हाळा कडक हाय म्हनून खालचं पाणी आटलं. बायकांना दारोदार तसंच सांगत फिरले.

इंदिरा : खाली पन्हळ काढून द्यायचं ठरलं होतं हो. पण ह्यांनी ऐकलं नाही. मी खूप सांगितलं. पुरुषांपुढं आपलं काय चालतं?

जैनब : जमीन देताना महिपती पाटील अडून बसला व्हता, झरा जाईल म्हनून. तवा चावडीवर मी उभी ऱ्हायले. म्हनले, इंदूला मी परकरात बघितलीय, ती पाणी अडवायची न्हाई. त्या शब्दावर गाव कबूल झालं.

इंदिरा : आठवतंय मला.

जैनब : नवी नवरी कुणाच्या बी घरची असू दे, पहिली घागर ह्या झऱ्यावर भरती. परवा माझी सून येतीय, मदिना. तिला कुटं नेऊ?

इंदिरा : इथं आणा की! मागच्या दारानं घेऊन या, मी उघडून ठेवते.

जैनब : मागच्या दारानं? आमच्याच झऱ्यावर?

त्र्यंबक : (इंदिराचा नवरा, आत येत) अरे वा, जैनबबाई! पाहिलंत घर? जो येतो तो झऱ्यापाशीच थबकतो. खरं सांगू? माझ्या नकाशात झरा बाहेर होता, गावासाठी पन्हळही होती. इंदिरा म्हणाली, पाणी आतच घ्या, नाहीतर रोज पहाटे बायकांचा गलका दाराशी. सगळी अक्कल तिची! बरं, चालू द्या तुमचं.

इंदिरा : मावशी, मी सांगणार होते तुम्हाला.

जैनब : बसा. हात पुढं करा.

इंदिरा : आत्ता राहू द्या ना बांगड्या.

जैनब : चुडा भरायला बोलावल्यावर रिकामा हात ठिवून उठायची आमची रीत न्हाई.

इंदिरा : गावात काय सांगाल?

जैनब : सांगंन, जैनबनं खोटा शब्द दिला. तुमचं नाव कशाला घेऊ? चावडीवर तुमी नव्हता उभ्या.

इंदिरा : मावशी, मला अहोजाहो काय करता? मी इंदूच आहे.

जैनब : हात सैल सोडा, बाईसाहेब. काच हाय, लागंल.