मांजर घर सोडून गेलं तो अल्बम

कानाच्या डॉक्टरांकडे नवऱ्याशेजारी बसलेल्या बाई समोरच्या दोघांचं बोलणं ऐकत होत्या.

“तो रॉक गायक आठवतो? लांब केसांचा, बँड सोडून गेलेला?”

“गेला ते बरं झालं. नवीन पोरगी काय गाते!”

“नंतर त्याचा एकट्याचा अल्बम आला ना?”

“माझ्याकडे आहे. एकदाच लावला. मांजर घर सोडून गेलं.”

बाईंच्या टकल्या नवऱ्याने त्यांना कोपराने ढोसलं. “माझ्या बँडबद्दल बोलतायत वाटतं. काय म्हणतायत?”

“तुम्ही गेलात आणि बँडची रयाच गेली, म्हणतायत.”

“अं? मोठ्याने सांग!”

“तुम्ही गेलात आणि बँडची रयाच गेली!” बाई ओरडल्या.

समोरचे दोघे चपापले. मग मांजरवाला उठून नवऱ्याच्या कानाशी ओरडला, “साहेब, तुमचा अल्बम रोज लावतो मी!”

“मग मांजर परत कसं यायचं हो?” बाई हळूच म्हणाल्या.