रावजी आग्र्यांनी दांडी सोडली

मंडळी, ऐका. आज सुरुवातीलाच प्रश्न टाकतो — मोठा कोण? देवाचा भार उचलणारा, की तो भार दुसऱ्याच्या खांद्यावर देणारा? उत्तराची घाई नको. आधी आमच्या गावच्या रावजी आग्र्यांचं ऐका.

शिमग्याला आमच्या ग्रामदेवीची पालखी नाचते. पुढची दांडी धरण्याचा मान आग्र्यांचा, पिढ्यान्‌पिढ्या. रावजी नाचवायला लागले की ढोलवाले दमायचे, रावजी नाही — असा गडी! पण त्या वर्षी दिवाळीपासून छातीत धडधड. मध्येच ठोका चुकायचा, मध्येच सगळे एकदम धावायचे. घाटी चढताना धाप लागायची. सांगितलं कुणाला? छे. दुखणं लपवण्यात आपण पुरुष पटाईत. बायांनो, हसू नका — तुमच्याही घरी आहे एक.

सून वनिताला सासऱ्यांची सुजलेली पावलं दिसली. म्हणाली, "मामा, दवाखान्यात चला. तोवर चूल पेटायची नाही."

डॉक्टरांनी छातीचा ईसीजी काढला. "ठोके अनियमित आहेत. असं हृदय नीट भरत नाही, धावून धावून थकतं. मग रक्त ढकलायची ताकद कमी होते, अंगात पाणी साठतं. प्रत्येकाचं तसं होत नाही, पण धोका वाढतो. तुमचं थकायला लागलंय. औषधानं सावरता येईल. यंदा पालखी मात्र नाही."

"मान जाईल आमचा."

"ते तुम्ही ठरवा. मी हृदयाचं सांगितलं."

शिमगा आला. सहाणेवर, पालखी ठेवतात त्या चौथऱ्यापाशी, सगळा गाव जमला. या दांडीवरून आग्र्यांशी जुनं वैर असलेले पाष्टेही समोर. रावजी पुढे झाले, दांडीला हात लावून पाया पडले — आणि वळून म्हणाले, "धोंडू, ये. यंदा तू धर."

धोंडू पाष्टे जागचा हलेना. "थट्टा करतोस?"

"माझं हृदय थकलंय रे. लपवत होतो. माझ्यापायी पालखी पडली तर आईला काय सांगू? अजून कुणाला धाप लागत असेल, तर त्यानंही बाजूला व्हावं."

मग दोन जाणते गडी मान खाली घालून बाजूला झाले. धोंडूनं आधी रावजींचे पाय धरले, मग दांडी.

रावजी औषधावर आहेत, सूज उतरली आहे. शिमग्याला पालखीपुढे उभे राहून गावाच्या भल्यासाठी देवीला गाऱ्हाणं घालतात. ऐकायला पंचक्रोशी येते. आमच्या गावचा माणूस आहे तो — अभिमानानं सांगतो.

आता तुमचं. आज देवळाच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबलेले इथे बसलेत. मी वरून पाहिलंय, नावं घेत नाही. उद्या तपासून या. आणि आत्ता शेजारी बसलेलीनं विचारलं, "अहो, ते तुम्हीच ना?" — तर देवासमोर आहात, खरं सांगा.