पिटुकल्याची बाजू

जनावरांच्या दवाखान्यात मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंना पाय टेकायला जागा उरली नव्हती. समोरच्या आजी-आजोबांचा कुत्रा भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरला होता. आजींचा हात प्लास्टरमध्ये होता.

"मुलाला काय सांगितलंत?"

"जिन्यात पाय घसरला म्हणून."

"अहो, मी त्याला बाथरूममध्ये पडले म्हणाले."

"मग मला आधी सांगायचंस."

"सांगणार कधी? तुम्ही सकाळपासून याचे केस विंचरताय. पुन्हा कुणाला पाडलं तर पिटुकल्याला दुसरं घर बघायचं, असं बजावलंय त्याने."

"पाडलं कुठे? त्याला मांजर दिसलं, आणि तू सोबत गेलीस."

"साखळी मनगटाला गुंडाळली होती. न जाऊन सांगते कुणाला?"

"सोडायची होतीस."

"आणि गाडीखाली जाऊ द्यायचं होतं?"

बाईंनी टोपलीवर हळूच ओढणी पसरली.

आजोबांचा फोन वाजला.

"त्याचाच आहे. जिना सांगू की बाथरूम?"

"घ्या आधी."

"हं, बोल. हो, जिन्यात. म्हणजे, बाथरूममध्ये. हो... बरं... हो रे बाबा. ठेवतो."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, साखळी मनगटाला गुंडाळायची नाही. याच्यासाठी छातीचा पट्टा पाठवतोय."

"म्हणजे कळलं त्याला. आणि घर बघायचं?"

"त्याचं काही बोलला नाही. पिटुकल्याला कुठे लागलं नाही ना, म्हणून विचारत होता."

"आणि मला?"

"तुझं नंतर विचारलं."