गजाला खोबरेल

अगं, माझी अक्कल सांगते तुला. नव्वदच्या दशकातली गोष्ट, आम्ही पेणला राहायचो. भावानं दुबईहून मला व्हायोलिन पाठवलं. ते वाजवायच्या गजाला घोड्याचे केस असतात, हे ऐकून आई म्हणाली, "किती कोरडे पडलेत गो! तेल चोळ."

मी चोळलं. गज तारांवरून नुसता घसरायचा, आवाजच नाही. आणि रविवारी भाऊ रजेवर येणार, तो ऐकायला!

दोघी रोह्याला व्हायोलिन शिकवणाऱ्या एका मास्तरांकडं गेलो. त्यांनी गज हुंगला. "खोबरेल?"

"व्हय," आई अभिमानानं म्हणाली, "घरचंच हाय."

मला रडूच आलं. मास्तर मात्र हसले नाहीत. "केसांना राळ लावायची, मग ते तार धरतात," म्हणाले आणि स्वतःचा गज मला दिला.

"मग तुम्ही कशानं वाजवणार?"

"तुझ्या गजाला नवे केस बसेपर्यंत नाही वाजवणार. बायको तुला दुवा देईल."

रविवारी धरमतरच्या धक्क्याला होडी घासावी तसा आवाज निघाला. पण निघाला!

आता माझ्याकडं शिकायला येणारे विचारतात, "आवाज का येत नाही?" मी आधी गज हुंगते. हसत मात्र कधीच नाही.