फोगाचं मूळ

(रायपूर, तात्यापारा. रविवारची सकाळ. निवृत्त प्राध्यापक यज्ञेश्वर, त्यांची बायको शारदा आणि सव्वीस वर्षांनी त्यांच्याकडे आलेली जुनी विद्यार्थिनी गंधाली.)

शारदा: आधी हे सांगा तिले, पहिल्या दिवशी तुम्ही काय शोधत होते.

यज्ञेश्वर: ते मागाहून. तिला पाणी तरी पिऊ दे.

शारदा: पिऊन झालं तिचं. गंधाली, मीच सांगते. जैसलमेरहून सकाळी जीप निघाली, राष्ट्रीय उद्यानात शिरली, अन् तेव्हापासून यांची मान जी बाहेर गेली ते आत येईच ना. निवडुंग शोधत होते.

गंधाली: वाळवंटात निवडुंग तर असनच ना काकू. सर फळ्यावर काढायचे. हिरव्या खडूनं, दोन हात वर केलेला.

यज्ञेश्वर: तोच. बत्तीस वर्षं दर सत्रात काढला. मागे सूर्य, बाजूला उंट. उंट अभ्यासक्रमात नव्हता, पण मला उंट बरा जमायचा. तर आमचा वाटाड्या होता तगाराम म्हणून. तिथल्याच वस्तीतला, शेळ्या राखत मोठा झालेला, शाळा पाचवीपर्यंत. त्यानं दोन तास माझं हे चाललेलं पाहिलं आणि मग फार अदबीनं विचारलं, साहेबांचं काही हरवलं का. मी म्हटलं, कॅक्टस. तो म्हणाला, ते आपल्याकडचं झाड नाही साहेब, अमेरिकेचं आहे. तुमच्या हॉटेलात आहे एक, कुंडीत.

शारदा: होतं खरंच. जिन्यापाशी. आम्ही रोज त्याच्याजवळच चपला काढत होतो.

गंधाली: पण सर, तुम्हाला तर माहीत असन ना हे?

यज्ञेश्वर: माहीत होतं ना. तुम्हाला नोट्समधे लिहूनही दिलं होतं मी. पण लिहिलेलं डोक्यात राहिलं आणि काढलेलं डोळ्यात. तिथं गेल्यावर डोळेच पुढे पळाले.

शारदा: अन् जायचं तरी कुठं होतं यांना. वाळवंटातल्या वनस्पती शिकवणारा माणूस, आयुष्यात डोंगरगडच्या पुढं गेला नाही. दर सुटीत काही ना काही. परीक्षा आहे, पेपर तपासून राहिलो, गुडघा दुखून राहिला. शेवटी आमच्या पोराले, शिशिरले म्हणलं, बाबू, पुण्याहून बुकिंग कर अन् यांना आदल्या दिवशी सांग.

यज्ञेश्वर: आदल्या दिवशीही गुडघा दुखला होता.

गंधाली: मग पुढं काय झालं?

यज्ञेश्वर: पुढं मी श्रद्धांजली वाहिली. जीपमधे आमच्यासोबत इंदूरचं एक जोडपं होतं, तरुण, ऐकून घेणारं. रस्त्याकडेला कमरेएवढं झुडूप दिसलं. राखाडी, नुसत्या काटक्या, पान म्हणून नाही. मी जीप थांबवायला लावली. सांगितलं त्यांना की पाहा, हे मेलेलं झाड, जनावरांच्या अतिचराईचा परिणाम. वीस मिनिटं बोललो असेन. त्या मुलीचे डोळे भरून आले. तगारामनं सगळं ऐकलं, मग खाली उतरून एका फांदीवर नख ओढलं. आत हिरवीगार. टोकाला बारीक कळ्यासुद्धा होत्या. म्हणाला, साहेब, हा फोग. याला पानं नावालाच. फांदीच पानाचं काम करते.

गंधाली: हे तर तुमचंच वाक्य आहे सर. पेपरमधे दोन मार्काले यायचं.

यज्ञेश्वर: शब्दाशब्दानं माझं. फक्त त्यानं झाड ओळखून म्हटलं.

शारदा: दुपारी त्याच्या घरी जेवलो आम्ही. त्याच कळ्यांचं रायतं होतं. मेलेल्या झाडाचं रायतं दोन वाट्या खाल्लं यांनी.

यज्ञेश्वर: चांगलं होतं. आंबूस.

शारदा: तेवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. घरामागं वाळूत वेल पसरली होती, तिले पिवळी-हिरवी, चेंडूएवढी फळं. मी म्हणलं, अहो, हे कडू वृंदावन दिसते. आमच्या आजीकडं पोटाच्या औषधाले ठेवत. तर म्हणे, शारदे, हे रानटी टरबूज, तू स्वयंपाकघरातलं बोल.

यज्ञेश्वर: आणि चावलो.

शारदा: चावले. गिळलं नाही म्हणून बरं. संध्याकाळपर्यंत साखर कडू लागून राहिली होती यांना. तगारामची म्हातारी आई दारात बसली होती, ती इतकी हसली की तिले ठसका लागला.

गंधाली: सर, माफ करा, पण मलेही हसू येऊन राहिलं.

यज्ञेश्वर: हस. मी हसवायलाच सांगतोय. हसू असेपर्यंत मला पुढचं लांबवता येतं.

गंधाली: पुढचं काय? खरं सांगू का सर, परवा माझ्या वर्गातल्या देवश्रीकडून नंबर घेऊन तुम्ही फोन केला, अन् फक्त 'घरी ये' म्हणाले, तर मले वाटलं पेन्शनची फाईल अटकली असन. नवा रायपुरात मंत्रालयात बसते ना मी, इतक्या वर्षांनी कोणाचा फोन आला की फाईलच असते. मी तर आवक शाखेत विचारूनही ठेवलं होतं.

शारदा: फाईल नाही गं पोरी. सांगा आता. मी चहा टाकते.

यज्ञेश्वर: तू बस इथंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तगारामच्या वस्तीबाहेर पाण्याच्या नळासाठी नाली खोदत होते. एका बाजूची वाळू ढासळली होती आणि त्यात एक फोगाचं झुडूप उघडं पडलं होतं. वर एवढंसं, या टेबलाएवढं. आणि त्याचं मूळ नालीच्या भिंतीतून आडवं निघालेलं. मी म्हटलं पाहू कुठवर जातं. चालत गेलो. पावलं मोजत होतो. एकतीस झाली. तिथं नाली संपली, मूळ नाही. ते पुढं वाळूत गेलं होतं.

शारदा: अन् हे मटकन खाली बसले. मले वाटलं ऊन लागलं. तोंडावर पाणी मारलं मी.

यज्ञेश्वर: तुला आठवतं ना, गंधाली, तू दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला काय काढलं होतंस?

गंधाली: आठवते.

यज्ञेश्वर: शारदा, हिनं पहिल्या कागदावर छोटंसं झुडूप काढलं होतं, आणि त्याला डिंकानं तीन कागद जोडले होते. तीनही कागदांवर नुसतं मूळ. मी ते परीक्षकांसमोर उलगडून धरलं. सगळ्या बॅचसमोर. विचारलं, हे झाड आहे की रायपूर-बिलासपूर रेल्वे लाईन. पोरं हसली. परीक्षकही हसले. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा.

गंधाली: हव. अन् मग तुम्ही विचारलं, हे कोणत्या पुस्तकात पाहिलं.

यज्ञेश्वर: तू म्हणालीस, बाबांनी सांगितलं.

गंधाली: बाबा भनपुरीहून ट्रकमधे तांदूळ भरून बाडमेरले जायचे, काकू. एकदा गाडी बिघडली तर तीन दिवस तिथंच रस्त्यावर होते. कोणी विहीर खोदून राहिलं होतं, तिथं पाहिलं त्यांनी. घरी आल्यावर अंगणात कोळशानं रेघ ओढून दाखवली. म्हणे, बेटा, झाड माझ्या कमरेएवढं अन् मूळ माझ्या गाडीच्या दोन लांब्या. मी तेच काढलं.

शारदा: मग? हे काय म्हणाले?

यज्ञेश्वर: मी म्हटलं, आता वनस्पतिशास्त्र ट्रक ड्रायव्हरकडून शिकायचं का.

शारदा: हे तुम्ही मले नाही सांगतलं. मार्क कापले एवढंच सांगतलं.

यज्ञेश्वर: नाही सांगितलं.

शारदा: बत्तीस वर्षं काय काय बोलत होते तुम्ही तिथं.

यज्ञेश्वर: नापास केलं हिला. मग ही पुढच्या वर्षी आलीच नाही. बी.एस्सी. सुटली हिची. त्या नालीत बसून मी तोच विचार करत होतो, की एका पोरीचं आयुष्य मी...

गंधाली: एक मिनिट सर. बी.एस्सी. तुमच्यामुळे नाही सुटली. केमिस्ट्रीतही नापास होती मी. फिजिक्समधे तर अकरा मार्क होते. मग बी.ए. केलं प्रायव्हेट, नोकरी लागली, लग्न झालं, पोट्टी बारावीत आहे. तुम्ही उगाच स्वतःले एवढा भाव देऊन राहिले.

शारदा: ऐका. पश्चात्तापातही पहिला नंबर पाहिजे यांना.

यज्ञेश्वर: म्हणजे मी तुला काही त्रास दिलाच नाही?

गंधाली: असं नाही म्हणलं मी. नापास केलं ते मी महिन्याभरात विसरली. ते वाक्य नाही विसरली. त्या दिवशी घरी गेली तर बाबा दारातच उभे. गाडीवर जायचे होते, पण थांबले होते. पहिलं हेच विचारलं, सरांना मूळ दाखवलं का. मी काय सांगणार होती? मी म्हणलं, सरांना खूप आवडलं, त्यांनी ते भिंतीवर लावलं.

शारदा: अगं बाई.

गंधाली: तेव्हापासून चालू आहे. भनपुरीतल्या हरेक ड्रायव्हरले सांगतलं त्यांनी. या हरिदासनं सांगितलेलं झाड सायन्स कॉलेजच्या भिंतीवर आहे म्हणून. माझ्या लग्नात व्याह्यांना सांगतलं. मागच्या महिन्यात डोळ्याच्या डॉक्टरले सांगतलं. शहात्तर वर्षांचे आहेत आता. बीरगांवले माझ्या भावाजवळ राहतात.

यज्ञेश्वर: मी त्यांची माफी मागतो. आजच जाऊ. तुझी हरकत नसेल तर.

गंधाली: आहे हरकत. माफी मागाल तर भिंत पडन ना सर. सव्वीस वर्षांची भिंत आहे.

यज्ञेश्वर: मग मी काय करू?

शारदा: मी सांगू? तुम्ही फक्त तिथं जे पाहिलं ते सांगा. खरं आहे तेवढंच. नाली, झुडूप, एकतीस पावलं. अन् हे सांगा की हरिदासजी, तुम्ही म्हणाले होते तसंच निघालं. याच्यात खोटं काही नाही.

यज्ञेश्वर: आणि त्यांनी भिंतीचं विचारलं तर?

गंधाली: विचारतीलच.

यज्ञेश्वर: मग सांगेन की कॉलेजनं नंतर रंग दिला, भिंत आता कोरी आहे. ते चित्र मी नीट ठेवायला पाहिजे होतं, माझ्याकडून हरवलं. यातलं शेवटचं वाक्य तरी खरं आहे.

शारदा: अन् टरबुजाचंही सांगा त्यांना. नाही तर वाटन, लय मोठे प्रोफेसर आले.

गंधाली: त्यांना आवडन ते. चला मग, माझी गाडी खालीच आहे. फक्त एक आहे सर. बाबांना आता ऐकू कमी येते. जरा जोरात बोलावं लागन.

यज्ञेश्वर: जोरात तर मी त्या दिवशीही बोललो होतो.