जिनलची अठाई

परक्यांचे बोलणे ऐकण्याची मला सवय नाही. परंतु वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बसस्थानकावर एक जैन माता आणि तिची दहावी उत्तीर्ण कन्या माझ्याच बाकावर बसल्या होत्या.

"मम्मी, आठ दिवस मी नुसत्या पाण्यावर राह्यली. अठाई केली तर अकोल्याच्या होस्टेलले पाठवतो, असं पप्पा बोलले होते."

"बोलले होते, जिनल. पण तू एकदाही कुरकुरली नाही. महाराजसाहेब सगळ्यांसमोर म्हणले, ही पोरगी दीक्षेच्या लायक आहे. पप्पांनी तिथंच तुया दीक्षेले हो म्हटलं."

"मले काहून नाही विचारलं?"

"तुया उपासातच त्यायले उत्तर भेटलं."

"मंग मी उपास मोडला असता, तर पाठवलं असतं होस्टेलले?"

"नाही. मंग म्हणले असते, घरी धर्म सांभाळता येत नाही, होस्टेलात काय सांभाळशील."