पाटील वर, महाराज खाली

अरे, हसून कायले राहिले? इंग्रजाच्या राजात केशोरीकडच्या पहाडीवरच्या मठात जायले खरंच पाळणा होता! वर गराडी, तिच्यावर दोर, अन् दोराच्या दोन टोकाले दोन पाळणे. एक माणूस वर जाये, तं तोलाले दुसरा खाली उतरे. देवाच्या पाळण्यात तोलाले दगड ठेवायचा नाही, माणूसच पाहिजे, अशी तिथली रीत.

आमचा मामा पाटील. गुडघे गेलेले, पायवाट जमे नाही, अन् अंगानं हा एवढा! त्याच्या तोलाचा वर एकच माणूस, मठाचे महाराज. तेच बसले. अर्ध्यात दोघं समोरासमोर आले. मामानं हात जोडले, महाराजांनी आशीर्वाद दिला, झालं दर्शन!

मामा वर पोचला तं मठात कुत्रंही नाही. महाराज खाली, मामासंगं आलेल्या मामीनं मोहाच्या झाडाखाली रांधलेला वडा-भात खाऊन राहिले.

दिवस कलला तसा मामा वरून बोंबलला, "महाराज, बसा ना जी पाळण्यात! मले घरी जायचं आहे!"

महाराजांनी मामीसमोर पुन्हा पान सरकवलं अन् खालूनच ओरडले, "काऊन घाई करून राहिला पाटील? तू जरासा संन्यास करून पाह्य. मी संसार करून पाहून राहिलो!"